आधी राजवाडा, मग रंकाळा: कोल्हापूरला निघणाऱ्या वाचकांचे प्रश्न

लग्नाचा बस्ता, दवाखाना, अंबाबाईचं दर्शन, काही ना काही निमित्ताने सीमाभागातल्या प्रत्येक घराचं कोल्हापूरला जाणं होतंच. राजवाडा मात्र बहुतेकांचा राहून जातो, नाहीतर परतीच्या वाटेवर अर्ध्या तासात उरकला जातो. या अंकासाठी आलेल्या पत्रांत त्याबद्दलच सगळ्यात जास्त विचारणा होती. सारख्या प्रश्नांची उत्तरं एकत्र दिली आहेत.

स. न. वि. वि. आम्ही घरचे पाच जण आमच्याच गाडीने रविवारी निघणार आहोत. अंबाबाई, जोतिबा, पन्हाळा, रंकाळा आणि न्यू पॅलेस एका दिवसात होईल का? आई-वडील बरोबर आहेत. (शहापूर, बेळगाव)

चाकांचा हिशेब बसेल, पण बघणं होणार नाही. बेळगाव ते कोल्हापूर महामार्गाने सुमारे ११० किलोमीटर. काकती, हत्तरगी, संकेश्वर, तवंदी घाट, निपाणी, कागल असं करत शहरात शिरायला चहापाणी धरून अडीच तास लागतात. पन्हाळा आणि जोतिबा कोल्हापूरच्या पलीकडे, वीस-एक किलोमीटर अंतरावर, दोन्ही डोंगरावर. या दोन ठिकाणी गेलात की दिवसाचे चार तास गेले. मग राजवाड्याच्या वाट्याला येतात ती संध्याकाळची शेवटची वीस मिनिटं, आणि तेव्हा रखवालदार दिवे मालवायच्या घाईत असतो. जोतिबा-पन्हाळा दुसऱ्या खेपेला ठेवा, असं आम्ही स्पष्टच सांगतो.

दिवस असा लावा. सकाळी साडेसहाला बेळगाव सोडायचं. तावडे हॉटेलजवळ महामार्ग सोडून कावळा नाक्यावर आलात की सरळ गावात न घुसता कसबा बावड्याच्या रस्त्याला लागायचं. न्यू पॅलेस, म्हणजे छत्रपतींचा नवा राजवाडा आणि त्यातलं वस्तुसंग्रहालय, याच रस्त्यावर आहे. तिकीट खिडकी उघडायच्या सुमाराला तिथे पोचलात तर गर्दी नसते आणि दोन तास निवांत मिळतात. तिथून भाऊसिंगजी रोडवरच्या टाउन हॉलमधलं संग्रहालय, मग जेवण. ऊन उतरल्यावर जुना राजवाडा, त्याला लागून अंबाबाई, शेवटी रंकाळा.

ज्येष्ठ मंडळी म्हणणार, आधी देवीचं दर्शन, मग बाकीचं. त्यांचं मन मोडू नका, पण मग घर पहाटे चारला सोडा. देऊळ पहाटेच उघडतं आणि तेव्हा रांग लहान असते. दिवस बिघडतो तो मधल्या वेळेमुळे: नऊला देवळात पोचायचं, रांगेत साडेअकरा वाजवायचे, न्यू पॅलेसला साडेबाराला जायचं आणि एकच्या सुमाराला दुपारची सुटी झाली म्हणून बाहेर बसायचं. देऊळ रात्रीपर्यंत उघडं असतं, वस्तुसंग्रहालय नसतं. सगळा क्रम या एका गोष्टीवर ठरवायचा.

आणि रविवार निवडलात ते बरं केलंत. सोमवारी न्यू पॅलेस आणि टाउन हॉल, दोन्ही संग्रहालयं बंद असतात. सोमवार सुटीचा म्हणून निघालेल्या दुकानदार वाचकांनी हे विशेष ध्यानात ठेवावं.

रिक्षावाल्याला 'राजवाडा' म्हटलं, त्याने देवळाजवळ सोडलं. आम्हाला घड्याळाचा मनोरा असलेला राजवाडा बघायचा होता. मग खरा राजवाडा कोणता? (निपाणी)

सगळेच खरे. रिक्षावाल्याचंही चुकलं नाही, कारण कोल्हापुरात नुसतं 'राजवाडा' म्हटलं की जुना राजवाडाच समजतात.

जुना राजवाडा म्हणजे अंबाबाईच्या देवळाशेजारची वास्तू: दगडी नगारखान्याची कमान, आत भवानी मंडप, तिथे छत्रपतींच्या कुलदेवतेचं, तुळजाभवानीचं मंदिर. याच नावाचं पोलीस ठाणंही आहे, म्हणून रिक्षात बसताना 'भवानी मंडप' म्हणा, घोळ होणार नाही. नवा राजवाडा म्हणजे न्यू पॅलेस, मध्यवर्ती बसस्थानकापासून दोन-एक किलोमीटरवर, बावड्याच्या वाटेला. तुमचा घड्याळाचा मनोरा तो. तिसरा शालिनी पॅलेस, रंकाळ्याच्या काठावर, १९३१ ते १९३४ या काळात बांधलेला. त्यालाही मनोरा असल्याने फोटोवरून गफलत होते. पूर्वी तिथे हॉटेल होतं, ते बंद झालं. आत जायच्या आशेने जाऊ नका, तळ्याच्या काठावरून बघा.

चौथा फारसं कुणी विचारत नाही, पण त्याचं मोल मोठं आहे. कसबा बावड्याच्या लाइन बाजार भागातला लक्ष्मी विलास पॅलेस, म्हणजे राजर्षी शाहू महाराजांचं जन्मस्थान. २६ जून १८७४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यात जन्मलेले यशवंतराव इथले. १७ मार्च १८८४ रोजी ते दत्तक गेले आणि कोल्हापूरचे छत्रपती झाले. न्यू पॅलेसचं बांधकामही १८८४ सालीच पुरं झालं. दहाव्या वर्षातला मुलगा आणि नवाकोरा राजवाडा, दोघं एकाच साली कोल्हापूरच्या गादीशी जोडले गेले. न्यू पॅलेसपासून हे ठिकाण जवळ आहे. गाडी आहे त्यांनी चुकवू नये.

न्यू पॅलेसमध्ये नेमकं काय बघायचं? मागच्या वेळी नुसते वाघ बघून बाहेर पडलो. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यांना झेपेल का? (चिकोडी)

सासूबाईंना न्या. संग्रहालय तळमजल्यावर आहे, वरच्या भागात राजघराण्याचा राहता वाडा असल्याने जिने चढायचा प्रश्न येत नाही. दालनांतून चालणं मात्र बरंच होतं, बसायची जागा दिसली की बसवत न्या.

तिकीट काढून लगेच आत शिरू नका, आधी दहा मिनिटं बाहेर उभे राहा. १८७७ ते १८८४ या सात वर्षांत उभी राहिलेली ही इमारत घडीव काळ्या दगडाची आहे. आराखडा मेजर चार्ल्स मँट या इंग्रज लष्करी इंजिनिअरचा. बडोद्याचा लक्ष्मी विलास राजवाडाही त्याच्याच आराखड्याचा. दोन्ही पुरे व्हायच्या आधी, १८८१ साली तो वारला. आपल्याकडच्या हिंदू-जैन देवळांच्या आणि राजवाड्यांच्या घडणीतल्या कमानी, छज्जे, घुमट घेऊन त्याने त्यांची इंग्रजी पद्धतीच्या आखणीशी सांगड घातली. मधला मनोरा अष्टकोनी आहे. एका कोपऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत चालत जाऊन बघा: समोरून सपाट वाटणारी भिंत बाजूने पाहिली की पुढे-मागे सरकत गेलेली दिसते. सावल्या त्यामुळेच खोल पडतात, आणि एवढा काळा दगड असूनही वास्तू जड वाटत नाही.

आत शिरल्यावर शस्त्रं, हौदे, चांदीच्या वस्तू, जरीचे पोशाख, पत्रं, तसबिरी अशी दालनं लागतात. शिकारीच्या दालनात लोक सगळ्यात जास्त रेंगाळतात. पेंढा भरलेले वाघ, अस्वलं, शिवाय वाघा-हत्तीच्या पायांपासून केलेल्या वस्तू. मुलं घाबरतात, नाहीतर 'हे का मारले?' असं विचारतात. त्यांना खरं ते सांगावं: कोल्हापूर संस्थानात शिकार हा दरबारी रिवाज होता, चित्ते पाळून त्यांच्याकडून काळवीट धरायची रीतही इथे होती आणि ते काम करणाऱ्यांना चित्तेवान म्हणत. राधानगरी-दाजीपूरचं आजचं अभयारण्य हे तेव्हाचं शिकारीचं राखीव रान. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर असली शिकार गुन्हा ठरली.

पण राजवाड्याचा जीव आहे तो दरबार हॉलमध्ये. दोन मजल्यांइतकी उंची, कोरीव कमानी, समोर सिंहासन, आणि काचांवर रंगवलेले शिवचरित्रातले प्रसंग. या काचांसाठी वेळ साधावी लागते. रंग काचेत असतो आणि तो बाहेरच्या उजेडानेच उमटतो. पावसाळी ढगाळ दिवशी किंवा संध्याकाळी काच मातकट दिसते, चेहरे ओळखू येत नाहीत. ऊन चांगलं चढल्यावर तेच निळे-तांबडे रंग पेटल्यासारखे दिसतात. सकाळी आधी दरबार हॉलवरून गेलात आणि काचा फिक्या वाटल्या, तर बाहेर पडण्याआधी परत एकदा येऊन बघा. एकेक काच निवडून मुलांना प्रसंग ओळखायला सांगा, अर्धा तास कसा जातो ते कळत नाही.

आत फोटो काढू देत नाहीत. त्यावरून रखवालदाराशी वाद घालणारे दर रविवारी भेटतात, आपण त्यांत नसावं. फोटोची हौस बाहेर भागवा. आवारात छोटं तळं आणि हरणं आहेत, लहान मुलं तिथे रमतात.

इथून पुढे टाउन हॉलला जा असं आम्ही आग्रहाने म्हणतो, कारण तीही इमारत मँटचीच, राजवाड्याच्या आधीची. शिवाय आतला ऐवज असा आहे की बेळगावहून तेवढ्यासाठीच यावं. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४० च्या दशकात उत्खनन झालं, त्यात सातवाहन काळातल्या थरांत रोमशी चाललेल्या व्यापाराच्या खुणा मिळाल्या. समुद्रदेव पोसायडनची वीतभरसुद्धा नसलेली कांस्यमूर्ती तिथलीच. मूर्ती लहान असल्याने लोक तिच्यासमोरून तसेच पुढे निघून जातात. कपाटासमोर वाकून बघा: वर उचललेला हात, अंगाचा बाक, दंडाचे स्नायू. समुद्रापासून इतक्या आत, सह्याद्री ओलांडून ती इथवर पोचली.

आम्ही चार बायका बसने जाणार आहोत. शक्ती योजनेचं फुकट तिकीट कोल्हापूरपर्यंत चालतं का? (संकेश्वर)

नाही. शक्ती योजना कर्नाटकातल्या कर्नाटकात धावणाऱ्या साध्या आणि एक्स्प्रेस बसगाड्यांना लागू आहे. थेट कोल्हापूरच्या आंतरराज्य गाडीला तिकीट पडतं. पैसे वाचवायचे असतील तर निपाणीपर्यंत राज्यातल्या गाडीने या, कर्नाटकचा पत्ता असलेलं ओळखपत्र जवळ ठेवा. निपाणीहून कोल्हापूर चाळीस-एक किलोमीटर, गाड्या भरपूर. महाराष्ट्राच्या एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, पण तेही त्यांच्या हद्दीपुरतं. कोगनोळीपर्यंत कर्नाटक, पुढे महाराष्ट्र, असा हिशेब कंडक्टर लावतो. सुटे पैसे ठेवा.

सीमाप्रश्नावरून वातावरण तापलं की दोन्हीकडच्या गाड्या निपाणी-कागलच्या आसपास थांबवतात. १ नोव्हेंबरचा काळा दिवस आणि डिसेंबरात बेळगावला कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन असतं ते दिवस टाळलेले बरे. रेल्वेचा विचार करू नका. कोल्हापूर हे मिरजेहून निघणाऱ्या फाट्याचं शेवटचं स्थानक आहे, मिरजेवरून वळसा पडतो.

स्वतःची गाडी असेल तर ती देवळाच्या गल्लीत नेऊ नका. बिंदू चौकाच्या वाहनतळावर लावा, भवानी मंडप तिथून चालत दहा मिनिटांवर आहे. शिवाय वाहनतळाच्या बाजूलाच जुन्या कोटाचा उरलेला तट दिसतो.

अथणीत चप्पल होत असताना कोल्हापुरात जाऊन का घ्यायची? घ्यायचीच तर ओळखायची कशी? (अथणी)

घेऊ नका, हेच प्रामाणिक उत्तर. २०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं ते दोन्ही राज्यांना मिळून: महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. कोल्हापूरच्या दुकानात टांगलेली बरीच चप्पल अथणी-निपाणी भागातल्या कारागिरांच्या हातची असते. तुम्ही कारागिराच्या दारात राहता. पायाचं माप देऊन करून घ्या, बसेलही नीट आणि पैसा सरळ त्याच्या हातात जाईल.

ज्यांना कोल्हापूरच्या 'चप्पल लाइन'मध्ये, म्हणजे तिथल्या चपलांच्या बाजारातच, घ्यायची आहे त्यांनी आधी ती उलटी करावी. अस्सल चपलेचे तळाचे थर कातड्याच्या बारीक वादीने शिवलेले असतात आणि कडेला टाके दिसतात. नुसत्या गोंदाने चिकटवलेल्या चपलेची कड एकसंध, गुळगुळीत असते. तळ थोडा वाकवून बघा, चिकटवलेले थर टाचेकडे सुटायला लागतात. मग वास घ्या. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेल्या कातड्याचा वास उग्र पण झाडपाल्याचा असतो, रेक्झिनला रसायनाचा वास येतो. शेवटी कान बघा, म्हणजे पट्टा जिथे तळाला जोडतात त्या बाजूच्या दोन पट्ट्या. चप्पल तुटते ती बहुतेक वेळा तिथेच, म्हणून कानाचं कातडं जाड आणि शिवण दुहेरी हवी.

माप किंचित घट्टच घ्या, कातडं पायाप्रमाणे सैल होतं. सुरुवातीला पट्ट्याच्या आतल्या बाजूला तेलाचं बोट फिरवा आणि घरातल्या घरात घाला. नवी चप्पल घालून दिवसभर राजवाडे बघायला निघालात तर दुपारपर्यंत अंगठ्याला फोड येणार. पावसात घालू नका: पाणी लागलं की तळ फुगतो, वादी ढिली पडते आणि थर उकलतात. भिजलीच तर सावलीत वाळवा. उन्हात ठेवली तर कडक होऊन तडकते.

पाचवीच्या मुलांची सहल न्यायची आहे. कोल्हापूरला नेऊ की कित्तूरला? (शिक्षिका, खानापूर)

पाचवीला कित्तूर. बेळगावहून धारवाडच्या दिशेने महामार्गावर सुमारे ५० किलोमीटर, अर्ध्या दिवसात परत येता येतं, आणि मुलांना धावायला मोकळी जागा आहे. कित्तूरच्या किल्ल्यातला राजवाडा आता उभा नाही. भिंतींचे अवशेष, पाण्याची टाकी, न्हाणीघरं आणि ध्रुव तारा पाहायचा गोल झरोका एवढं उरलं आहे. उघड्या जोत्यावरून फिरताना मुलांना वाड्याची आखणी कळते. उभ्या राजवाड्यात ते जमत नाही, तिथे दोरीच्या अलीकडूनच बघावं लागतं. २३ ऑक्टोबर १८२४ रोजी राणी चन्नम्मांच्या फौजेने याच किल्ल्यासमोर कंपनीच्या फौजेला हरवलं, धारवाडचा अधिकारी थॅकरे मारला गेला. डिसेंबरात किल्ला पडला आणि राणींना बैलहोंगलला कैदेत ठेवलं, त्यांची समाधी तिथेच आहे. संगोळ्ळी रायण्णांना फाशी दिलेलं नंदगड तर तुमच्याच तालुक्यात आहे. ही तीन ठिकाणं वर्गात नकाशावर दाखवून मगच निघा.

सावली जवळपास नाही, टोप्या आणि पाणी हवंच. २३ ऑक्टोबरच्या सुमाराला कित्तूर उत्सवाची गर्दी असते, लहान मुलांना तेव्हा नेऊ नये. आतल्या संग्रहालयाचा सुटीचा दिवस आधी विचारून घ्या.

दसरा, किरणोत्सव, श्रावण यांपैकी कधी जावं? (वडगाव, बेळगाव)

प्रत्येकाचं गणित वेगळं आहे.

दसऱ्याला जायचं ते सोहळ्यासाठी. संध्याकाळी दसरा चौकात छत्रपती येतात, शमीपूजन होतं, सोनं लुटतात. छत्रपती राजाराम महाराजांची मेबॅक मोटार या दिवशी बाहेर निघते, ती पाहायला लोक दुपारपासून जागा धरतात. त्या दिवशी राजवाडे बघायचा बेत करू नका, रस्ते बंद असतात.

किरणोत्सव वर्षातून दोनदा, ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी आणि ९ ते ११ नोव्हेंबर. मावळतीचं ऊन अंबाबाईच्या देवळाच्या महाद्वारातून थेट देवीपर्यंत पोचतं. ढग, धुकं किंवा हवेतली धूळ असेल तर किरणं वाटेतच अडतात, म्हणून एकाच दिवसाच्या भरवशावर जाऊ नये. हा सोहळा संध्याकाळचा असल्याने सकाळी न्यू पॅलेस निवांत होतो, आणि हवाही छान असते. आमचं मत विचाराल तर नोव्हेंबरचे दिवस उत्तम.

श्रावणात मात्र पंचगंगेकडे लक्ष ठेवून निघा. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट ही धोका पातळी. आकडा रोज बातम्यांत येतो. ३९ च्या वर गेला असेल तर बेत पुढे ढकला, कारण तुम्ही अडकाल ते बहुधा कोल्हापुरात नव्हे, वाटेत. २०१९ आणि २०२१ साली निपाणीजवळ यमगर्णीला वेदगंगेचं पाणी महामार्गावर आलं आणि बेळगाव-कोल्हापूर रस्ताच तुटला होता.

जेवायचं काय, आणि संध्याकाळ कशी घालवावी? (एकसंबा)

सकाळी मिसळ, ती पावाऐवजी ब्रेडबरोबर देतात. दुपारी तांबडा-पांढरा रस्सा. पांढरा आधी प्या, तांबड्याच्या तिखटानंतर त्याची चव लागत नाही. संध्याकाळी भवानी मंडपातून चालत खासबागेत जा. शाहू महाराजांनी १९१२ साली पुरं केलेलं कुस्तीचं मैदान तिथे आहे. हौदा, म्हणजे कुस्तीची मातीची जागा, मध्ये आणि बसायची जागा चढत्या उतरंडीची, त्यामुळे शेवटच्या रांगेतूनही कुस्ती दिसते. एकदा वरच्या कडेला जाऊन बसून बघा. शेजारच्या केशवराव भोसले नाट्यगृहाचं ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत मोठं नुकसान झालं, त्यामुळे ते आतून बघायला मिळेल असं धरून चालू नका. खासबागेत भेळ खा, गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर समोर धार काढून दिलेलं म्हशीचं दूध प्या. पण भेळेनंतर लगेच नको, मध्ये तासभर जाऊ द्या. परतीची बस आठच्या आत धरली की एकसंब्याला जाणाऱ्यांना निपाणीहून पुढची गाडी मिळायची शक्यता राहते. मुक्काम नसेल तर रंकाळ्यावर सातच्या पुढे रेंगाळू नका.